पत्ता बरोबर आहे

सरे, बी.सी.
४ मे २०२५

चि. प्रफुल्ल यास,
दादाचा सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

परवा आईच्या चहासाठी आलं आणलं. आलं एक डॉलर चाळीस सेंटचं. दुकानासमोर जागा नव्हती म्हणून ट्रक शेजारच्या दाताच्या डॉक्टरच्या पार्किंगमध्ये उभा केला आणि पळत गेलो. परत येतो तर काचेवर पंचाहत्तर डॉलर दंडाची चिठ्ठी. म्हणजे सरेत आलं शहात्तर डॉलर चाळीस सेंटला पडतं. आईला सांगितलं तर म्हणाली, उरलेला तुकडा फ्रीजमध्ये नको ठेवू, बँकेत ठेव.

फोन सोडून पत्र काय लिहून राहिला, असं तुला वाटेल. फोन तुझ्याकडे स्पीकरवर असतो, माझ्याकडेही असतो, आणि मधूनच तुझी ईशानी इंग्रजीतून निकाल देते. देवनागरी मात्र दोन्ही घरच्या पोरांना येत नाही. तेव्हा मोकळं बोलायला कागदच बरा. उत्तर घरी न पाठवता माझ्या गोडाउनच्या पत्त्यावर पाठव. घरच्या टपालपेटीची किल्ली आईकडे असते.

तर इथला हाल असा. मॉर्गेज रिन्यू झालं आणि हप्ता तेराशेने वाढला. तीन वर्षांपूर्वी जयंतीच्या जेवणात मी सर्वांसमोर म्हणालो होतो की या घराने मला झोपेत अकरा लाख कमावून दिले. ते खोटं नाही. पण ती किंमत घर विकणाऱ्याची असते. राहणाऱ्याला नुसता टॅक्स वाढून येतो. फरशीची कामंही कमी झाली. लोक जुन्याच फरशीवर गालिचा टाकून दिवस काढून राहिले.

बेसमेंटमध्ये सध्या एकच भाडेकरू आहे, कारण तिथली दुसरी खोली आईकडे. दोन्ही खोल्या मिळून एकवीसशे सहज येतील. एक तरुण जोडपं विचारूनही गेलं. मी त्यांना काही बोललो नाही. तुला फक्त कळवून ठेवतो.

रेजिनाचं मात्र मला खरोखर कौतुक वाटतं. तुझं घर साडेतीन लाखांचं, त्यात तीन खोल्या वर आणि खाली अख्खं बेसमेंट रिकामं. रस्ते मोकळे, हवा कोरडी. आईच्या गुडघ्यांना इथला पाऊस बाधतो. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला शांतता पाहिजे. तू सरकारी नोकरीत, पाचला घरी. मी सातला येतो आणि आठला घोरतो.

तू म्हणशील, आई काही बोलली का. बोलली नाही. पण माझे कान तुला ठाऊक आहेत. फरशीवर बोटाने टक् केलं की खाली पोकळ आहे की भरीव, ते मी डोळे मिटून सांगतो. त्याच कानांवर इथे धंदा उभा केला. सरेत आपल्या समाजाची साठेक घरं आहेत. कोणाच्या घरी काय शिजतं ते त्यांच्या शेजाऱ्याआधी मला कळतं. माझ्या घरात माझ्या आईच्या मनात काय आहे ते मला कळणार नाही? तिला हवापालट पाहिजे. विचार कर.

सौ. मृणालला जयभीम, ईशानीला पापा. दादावरची माया स्वस्त होऊ देऊ नको.

तुझा,
गुणवंत


रेजिना, सस्कॅचवान
१८ मे २०२५

ति. दादा यांस,
प्रफुल्लचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. आल्याचा हिशेब मृणालला वाचून दाखवला, ती खूप हसली. पुढचं तिला वाचून दाखवलं नाही.

दादा, तुला रेजिनाचं कौतुक वाटतं हे वाचून बरं वाटलं, पण मी इथे बारा वर्षं राहतो आहे आणि अर्थखात्यात आकडेच बघतो. घर स्वस्त आहे, कबूल. पण एवढं स्वस्त का आहे, हे कोणी विचारत नाही. जानेवारीत इथे उणे अडतीस असतं. रात्री गाडीला इंजिन गरम ठेवणारी वायर लावावी लागते, नाही तर सकाळी ती हूं की चूं करत नाही. हीटिंगचं बिल, सहा महिने फावड्याने बर्फ उपसणं, विंटर टायर, सतरा थरांचे कपडे, हे सगळं धरलं की तुझं 'स्वस्त' बरंचसं वितळतं. मेथी मिळते, पण ती आपल्यापेक्षा जास्त प्रवास करून थकलेली असते. नागपूरला जायचं तर आधी दुसऱ्या शहरात जाऊन विमान बदलायचं.

आणि माणसं? आपली चार घरं. त्यातलं एक ऑगस्टमध्ये तिकडे ओटावाजवळ कनाटाला चाललं. आईने दिवसभर बोलायचं कोणाशी? मृणाल घरूनच काम करते. तू म्हणतोस त्या रिकाम्या बेसमेंटमध्ये तिचं ऑफिस आहे, आणि मीटिंग चालू असताना वर कुकरसुद्धा लावता येत नाही. सरेत आईला बस कळते, स्कायट्रेन कळते, भाजीवाला पंजाबी असला तरी ती त्याच्याशी हिंदीत भांडू शकते. रविवारी वंदनेला माणसं येतात. वर्षावासाचे तीन महिने दर रविवारी कोणाच्या तरी घरी ग्रंथवाचन असतं आणि वाचायला सगळे तिलाच बसवतात. या गोष्टीला भाव लावायचा झाला तर सरे हे कॅनडातलं सगळ्यात स्वस्त शहर आहे, असं मी लेखी द्यायला तयार आहे.

तेव्हा घाई करू नये, असं मला वाटतं. हप्त्याचं जड होत असेल तर झोपेत कमावलेल्या अकरा लाखांतले थोडे जागेपणी वापरून बघ. रागावू नको, गंमत केली.

शीलावहिनींना जयभीम. धाकट्यावर आहे तशीच नजर असू दे.

तुझा,
प्रफुल्ल


सरे
३ जून २०२५

चि. प्रफुल्ल यास,
दादाचा जयभीम व आ. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग बोटाने वाजवून पाहिलं. पोकळ निघालं. खाली मसाला नाही, नुसती वरून फरशी चमकते.

गंमत बघ. दुनियेत माणूस आपल्या गावाचं कौतुक करतो. आपण दोघे भाऊ एकमेकांच्या गावाचं करून राहिलो. तू मला सरेचे गुण सांगतो, मी तुला रेजिनाचे. नगरपालिकांना कळलं तर दोघांनाही जाहिरातीच्या कामाला ठेवतील.

तू हीटिंग मोजलंस, टायर मोजले, मेथीचा प्रवास मोजला. मी कधी मोजलं? तू मास्टर्सला आलास तेव्हा मी दुसऱ्यांचे संडास-बाथरूम करून राहिलो होतो. तुझ्या फीचा आकडा मी तुला सांगितला नाही, आजही सांगत नाही. आईला सोळा वर्षं ठेवलं, एक पैसा भाडं घेतलं नाही. तिची पेन्शन येते, ती किराण्यात जाते, कारण ती स्वतःच किराणा आणते. मी मागत नाही.

आईचं म्हणशील तर ती थकून राहिली, हे तुला लांबून दिसत नाही. दर बुधवारी वीणाताईंबरोबर स्कायट्रेनने कुठे तरी जाते. वीणाताई म्हणजे आपल्या मंडळाच्या सेक्रेटरी, गेटवे स्टेशनजवळ राहतात. आली की पाय वर करून बसते. विसरायलाही लागली की काय, अशी मला शंका येते. घरात तीन कुकर असताना शीलाला विचारत होती, दीड लिटरचा छोटा कुकर केवढ्याला मिळतो. शीलाने तीन कुकर समोर मांडून दाखवले. आई बघून हसली.

परवा मात्र तिच्यासोबत छान वेळ गेला. तिने विचारलं, पायाला थंड काय लागतं, टाइल की विनाइल? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या धंद्यातलं काही विचारलं. मी तिला अर्धा तास समजावलं. विनाइल कमी थंड, घसरत नाही, म्हाताऱ्या माणसाला तेच बरं, जोड कसे बघायचे, खालून दमट लागतं का ते कसं ओळखायचं. शाळेतल्या पोरीसारखी ऐकत होती. सांगायचं कारण, मन तिचं ताजं आहे, फक्त जागा बदलली पाहिजे.

शेवटचं बोलतो. सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे. उन्हाळा तुझा, हिवाळा माझा. म्हणजे तुझ्या उणे अडतीसचा प्रश्न मिटला. १२ जुलैचं तिकीट मी काढलं आहे. ते परत होत नाही. आईला सांगितलं, तर म्हणाली, तुम्ही दोघं मिळून ठरवा आणि मग मला कळवा. म्हणजे तिची ना नाही.

माया ठेवणं न ठेवणं तुझ्या हाती. तिकीट माझ्या हाती आहे.

गुणवंत


रेजिना
१५ जून २०२५

ति. दादास,
स. जयभीम.

आई म्हणजे विंटर टायर नव्हे, नोव्हेंबरात चढवायची आणि एप्रिलमध्ये उतरवायची. हे वाक्य लिहून मी चार दिवस पत्र तसंच ठेवलं. आज वाचलं तरी खोडावंसं वाटलं नाही.

फीचा आकडा तू सांगत नाहीस, पण तू तो सांगत नाहीस हे दर तीन-चार वर्षांनी सांगतोस. मग मीही एक विचारतो. वहिनी नर्सिंग होमच्या पाळ्या करत असताना सोळा वर्षं दोन्ही वेळच्या पोळ्या आईने केल्या, तुझ्या मुलाला शाळेत नेलं, आणलं. त्याला कुठल्या शहराचा भाव लावायचा, सरेचा की रेजिनाचा? सरेच्या दराने लावला तर तूच तिचं देणं लागशील.

भाडं घेतलं नाही म्हणतोस. तिला कधी विचारून पाहा, तिला दिलं असतं तर बरं वाटलं असतं का.

असो. तिकीट काढलंच आहेस तर येऊ दे. मृणाल तिचं टेबल आमच्या झोपायच्या खोलीत हलवते आहे. टेबल हलवताना आवाज जरा जास्त झाला. आईला बेसमेंटमध्ये खिडकी छोटी मिळेल. ऑक्टोबरमधल्या परतीच्या तिकिटाचे पैसे तुझे.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. आपण दोघांनी इतके आकडे मांडले, आणि आईला नेमकं काय हवं हे दोघांनीही विचारलं नाही. तू विचारशील, असं मी धरून चाललो. तू बहुधा मी विचारीन असं धरलंस.

वहिनींना जयभीम.

प्रफुल्ल


सरे
१४ जुलै २०२५

चि. प्रफुल्ल यास,
दादाचा जयभीम.

आई विमानात का नव्हती, हे तू फोनवर विचारलंस आणि मी नंतर सांगतो म्हणून ठेवून दिला. आता लिहितो. तोंडाने सांगवणार नाही.

आईने महिनाभर आधीच बॅग भरायला घेतली होती. मी खूश होतो. म्हटलं, रेजिनाची हौस आली. बुधवारी मी लँगलीला कामावर होतो. घरी आलो तर शीलाने सांगितलं की आई बॅग घेऊन वीणाताईंकडे गेली, शनिवारी तिथूनच विमानतळावर जाते म्हणाली. मला पटलं. पौर्णिमा गुरुवारची, मंडळाच्या बायका एकत्र जमतात.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर वीणाताईंचा मेसेज आला. वर्षावासाचं पहिलं ग्रंथवाचन रविवारी दुपारी दोनला, श्रीमती रमाबाई मेश्राम यांच्या घरी. खाली पत्ता, गेटवेजवळच्या एका बिल्डिंगचा, खोली तीनशे चार.

मला हसू आलं. म्हटलं, आई चालली रेजिनाला आणि या बाईंनी पत्ताही कोणाचा तरी टाकला. मी लगेच ग्रुपवरच लिहिलं की पत्ता चुकला आहे, रमाबाई आमच्याकडे राहतात, आमचा पत्ता असा असा, आणि त्या उद्या रेजिनाला जात असल्याने वाचन दुसऱ्याकडे ठेवावं. साठ घरांनी ते वाचलं. मग आईचा मेसेज आला. तिने आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर लिहिलं. पत्ता बरोबर आहे, एवढंच. खाली कोणी तरी अंगठा दिला. मग दुसऱ्याने. मग ते थांबेनातच.

मी शीलाकडे बघितलं. तिला ठाऊक होतं का ते अजून मला कळलेलं नाही. ती इतकंच म्हणाली की आजपासून कणीक कमी भिजवावी लागेल.

काल गेलो. दारात चपला-बुटांचा ढीग, मी त्याच्याजवळच बसलो. ती जागा म्हाताऱ्या माणसांसाठी सरकार अर्धा खर्च उचलून चालवतं. एकच खोली, तिच्यातच कोपऱ्यात ओटा. ओट्यावर दीड लिटरचा कुकर. त्रिशरण झालं, आईने वाचलं. आवाज तोच, नागपूरच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तो. खीर वाटली. मलाही दिली, सगळ्यांना दिली तेवढीच. मी खाली बघत बसलो. विनाइल आहे. जोड चांगले बसवलेत. बोटाने वाजवून बघितलं, भरीव आहे.

सगळे गेल्यावर मी विचारलं की भाडं कसं परवडणार, सरेत आहोत आपण. म्हणाली, इथे भाडं शहर बघून लावत नाहीत, पेन्शन बघून लावतात. तिसऱ्या हिश्श्याच्या आत. तू सरकारी माणूस आहेस, तुला असं काही असतं हे ठाऊक असेल. तू कळवलं नाहीस. मीही विचारलं नव्हतं.

खालच्या खोल्या बघायला ते जोडपं शनिवारी आलं होतं. सरे परवडत नाही म्हणून एडमंटनला चाललेत. आईची खोली रिकामी आहे. तिकिटाचे पैसे गेले.

मृणालला म्हण, टेबल परत खाली ने. आपल्यात जे काही उरलं असेल ते जपून ठेव.

दादा


सरे
२७ जुलै २०२५

चि. गुणवंत यास,
आईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोन स्टेशनांवर राहणाऱ्या आईला टपालाने पत्र पाठवलंस. लाज वाटत असेल म्हणून पाठवलंस, असं समजते. पत्रात विचारलंस म्हणून पत्रातच उत्तर देते. शुद्धलेखन सुधारलं आहे तुझं.

माझी तब्येत ठीक. विनाइल तू सांगितल्याप्रमाणे तपासूनच खोलीला हो म्हटलं. पाय गार पडत नाहीत. तुझी शिकवण कामाला आली.

तू विचारतोस, आमच्याकडे काय कमी होतं. जेवणात नव्हतं, औषधात नव्हतं. वर्षावासाची वाटणी होते तेव्हा वीणाताई वहीत घरं लिहितात, या रविवारी अमक्याच्या घरी, पुढच्या रविवारी तमक्याच्या. सोळा वर्षं आपल्या पाळीला गुणवंतच्या घरी असं लिहिलं गेलं. खीर माझी, वाचन माझं, घर तुझं. ते बरोबरच होतं. पण नागपुरात तुझे बाबा गेल्यावरही दारावर माझ्या नावाची पाटी होती, आणि लोक विचारायचे ते मेश्राम बाईंचं घर कुठलं असं. इथे येऊन मी कोणाची तरी आई झाले. त्याबद्दल तक्रार नाही. एकदा मरायच्या आधी यादीत माझं घर लागावं, एवढंच मनात होतं.

प्रफुल्ललाही वेगळं लिहिलं आहे. त्याने फोनवर मला थंडी ऐकवली, तू महागाई ऐकवलीस. आपलंच घर राहायला कसं वाईट आहे हे आईला समजावणारी मुलं मी चाळीस वर्षं शिकवूनही पाहिली नव्हती. तुम्ही वाईट नाही. तुम्ही दोघांनी हिशेब केला तो चुकला नाही. फक्त मला दोन्ही बाजूंनी खर्चात धरलंत.

शीलाला म्हण, रविवारी कामाची पाळी नसली की ये, तिच्यासाठी कुकर पुरतो. तुला यायचं तर जेवूनही ये, न जेवताही ये, पण ट्रक बिल्डिंगच्या मागे लावू नकोस. तिथे चिठ्ठी देतात.

रागावला असशील तर तो राग उरकला की कळव, तोवर माझी माया इथेच आहे.

तुझी आई,
रमाबाई मेश्राम
खोली ३०४

ता. क. या खोलीसाठी अर्ज कधी केला म्हणून विचारलंस, ते लिहायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी, जयंतीच्या पुढच्या आठवड्यात. नंबर लागायला एवढा वेळ गेला. अर्ज देऊन आले त्याच दिवशी मी तुला सांगितलं होतं. तू स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून नव्या टाइल्स वाजवून ऐकत होतास. तू हो म्हणालास.